बिब्याची बाजू

"डोळा मीट गं बाय. आवळू नको, नुसता मीट," बयाबाई म्हणाली आणि उगाळलेली लवंग अनामिकेवर घेऊन तिने साळूच्या पापणीवरच्या रांजणवाडीला लावली.

साळू कळवळली. "आये, लई आग व्हतीया!"

"लवंग हाय, आग करनारच," बयाबाई हसली.

"आत्ती, पंधरा दिसांनी शिवऱ्याचं पाव्हनं येत्यात हिला बघाया," पोरीची आई ठकुबाई म्हणाली. "तवर बसंल न्हवं?"

"चार दिसांत बसंल. आजवर कुनाची ऱ्हायली का?"

विंझरच्या वरच्या अंगाला धनगरांची सहा घरं होती, त्यांतलं एक बयाबाईचं. भाटघरचं मोठं धरण होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, भोरला दवाखानाही होता, पण पापणीवर रांजणवाडी उठली की खालची माणसं अजूनही चढ चढून तिच्याच ओसरीवर येत. खरं म्हणजे रांजणवाडी आठवड्याभरात आपली आपणच बसते. श्रेय मात्र बयाबाईला मिळे आणि तीही ते नाकारत नसे. चाळीस वर्षांत तिने त्यापायी कुणाकडून खोबऱ्याचा तुकडासुद्धा घेतला नव्हता. तिला हवा होता तो मान. विधवा बाईला तो मिळायच्या वाटा थोड्या. तिला ही एक सापडली होती आणि ती तिने जिवापाड जपली होती.

म्हणूनच नजर अधू झाल्याचं तिने कुणाला, अगदी सुनेलाही, कळू दिलं नव्हतं. जिला दिसत नाही, तिच्यापुढे डोळा कोण धरील?

घरात सहाण एकच. एका बाजूवर माणसांचं औषध उगाळायचं, दुसरीवर मेंढरांचं. मेंढराचे खूर सडले की तेलात बिबा उगाळून लावत. ती बाजू काळीकुट्ट पडलेली, त्यामुळे धनगराघरचं लहान पोरही चुकत नसे. त्या दिवशी ओसरीच्या सावलीत बयाबाईला दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या. वास लवंगेचा आला आणि तिने तेवढ्यावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अनामिकेला फोड आले. बिबा उतला होता, सहाणेची बाजू चुकली होती. तसंच खाली धावायचं, खरं काय ते सांगायचं आणि त्या पापणीला खोबरेल चोपडायचं, एवढंच तर करायचं होतं. पण सांगितलं की चाळीस वर्षांचं सगळं गेलं. "बसंल आपसूक," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने बोटाला चिंधी गुंडाळली. सुनेला सांगितलं, चुलीवर भाजलं. तीन दिवस ती खाली उतरली नाही. त्या तीन दिवसांसाठी तिची कीव करावी की तिच्यावर चिडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खाली साळूचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं. घरच्यांनी देवी कोपली असं धरलं आणि डोळ्याला अंगारा लावत राहिले. चौथ्या दिवशी बापाने, चिमाजीने, गाडी जुंपून तिला भोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. डोळा गेला. शिवऱ्याच्या पाहुण्यांचा निरोप आला, आमचं दुसरीकडे जमलंय.

महिन्याने बयाबाई काठी टेकत एकटीच खाली ठकुबाईच्या घरी आली. साळू दारात तांदूळ निवडत होती. अगदी जवळ गेल्यावर बयाबाईला तिची उजवी पापणी दिसली, आत ओढलेली, कायमची मिटलेली.

"ठके, द्येवीचं कायी न्हाई," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "म्या केलं. बिब्याच्या बाजूवर लवंग उगाळली. मला दिसत न्हाई, दोन वरसं झाली. आन कळलं तवाबी आले न्हाई. भ्याले."

आता शिव्या मिळतील, कदाचित मारही. ती त्याचीच वाट बघत होती.

"असं वंगाळ बोलू नगा, आत्ती," ठकुबाई म्हणाली. "तुमच्या हातानं कुनाचं वाईट व्हयाचं न्हाई. ल्हानपनी माजीबी तुमीच बसवली व्हती. आमचंच नशीब फुटकं." आणि तिने आतून धाकट्या भागूला हाताला धरून आणलं. "बरं झालं आलासा. हिच्याबी डोळ्यावर काल उठलीया. सहान हाय घरात, लवंग हाय. लावा."

बयाबाई दारातच खाली बसली.

साळूने सूप बाजूला ठेवलं आणि बहिणीच्या पुढे येऊन उभी राहिली. "आये, आत्ती खरं सांगत्यात," ती म्हणाली. "तवा ती आग लवंगंची नव्हती. मला ठावं हाय."

मग बयाबाई म्हणाली, "ठके, चूल पेटीव. पानी ऊन कर. सुती चिंधी भिजवायची, पिळायची, शेक द्याचा. दिसातनं चार डाव. दुसरं कायीबी लावायचं न्हाई."

"मंग तुमीच द्या की शेक."

"न्हाई," बयाबाई म्हणाली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "साळू दील."

पाणी ऊन झालं. साळूने चिंधी बुडवून पिळली. फार कढत नाही ना, हे बघायला तिने ती आधी आपल्या मिटलेल्या पापणीवर धरली आणि मग भागूच्या डोळ्यावर ठेवली.