काईल

कुपवाडच्या कारखान्यात इटलीचं यंत्र बसवायला जेन्नारो नावाचा फिटर आला होता. लेथवरचा कृष्णात पंधरा दिवस त्याच्या हाताखाली होता. दोघांचं बोलणं मोबाईलवरच्या भाषांतरातून चाले. एकदा चहा पिताना जेन्नारोनं मोबाईलवर एक ज्ञानकोश उघडला. सगळा त्याच्या नेपल्सच्या बोलीत, लोकांनीच लिहिलेला.

"शाळेत असं बोललो की मास्तर मारायचे," तो म्हणाला. "आता यात बघ, आकाशातले ग्रहसुद्धा आहेत."

कृष्णातचे वडील गुळव्या होते. गुऱ्हाळात उकळत्या उसाच्या रसाच्या बुडबुड्यांवरून गूळ झाला का ते सांगायचे. कृष्णातनं चार रविवार बसून त्यांची सगळी विद्या आधी वहीत उतरवली, मग एका मराठी ज्ञानकोशाच्या संकेतस्थळावर लिहिली, ते बोलायचे तशीच. रस आटवायच्या मोठ्या कढईला ते काईल म्हणायचे, त्यानंही काईलच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पान गायब. शेरा होता, 'अशुद्ध भाषा'. खाली काढणारीचं नाव, राजनंदिनी. त्याचीच लेक. साताऱ्याला एम.ए. करता करता ती त्या संकेतस्थळाचं संपादन बघायची.

त्यानं यंत्रापाशी उभं राहूनच फोन लावला.

"त्ये पान माझं हाय, म्हाईत हुतं तुला?"

"हो, आप्पा. पण नियम आहेत. काईल नाही, काहील."

"तुझा आज्जा जल्मभर काईल म्हणत आला. त्येच्या गुळावर हे घर उभं ऱ्हायलं, आन त्येचीच बोली पुसतीस?"

"माझ्या मैत्रिणी वाचतात ते. हसल्या असत्या."

"हसू देत की! त्येंच्या हसण्यापायी आज्जाला पुसलंस व्हय?"

तिनं फोन ठेवला. त्या पाळीत लेथवर कृष्णातचे तीन जॉब बाद गेले.

महिन्यानं, मायदेशी परतलेल्या जेन्नारोनं दुवा पाठवला. कृष्णातनं मोबाईलवर कळवलेल्या माहितीवरून त्यानं लिहिलेलं, नेपल्सच्या बोलीत गुळावर पान! कृष्णातला एक ओळ कळेना, पण मधेच रोमन अक्षरांत 'काईल' लिहिलेलं त्यानं बरोबर ओळखलं. आनंद व्हायचा तो झालाच नाही, उलट डोकं आणखी भडकलं. त्यानं तो दुवा लेकीला पाठवला.

'किती छान, आप्पा!' तिचं लगेच उत्तर.

त्यानं पुन्हा फोन लावला. "त्येंच्यात छान, आन आपल्यात अशुद्ध? कुठला न्याव गं ह्यो?"

उत्तराची वाट न बघता तोच पुढं म्हणाला,

"मी परत टाकतोय. एक काना बदलणार न्हाई. काढलंस तर पुन्यांदा टाकीन."

वहीतून बघून त्यानं सगळं पहिल्यापासून टाईप केलं. संध्याकाळी उघडून पाहिलं. पान जागेवर होतं. लेकीशी मात्र तो दिवाळीपर्यंत बोलला नाही.