तळ्यावरचा बर्फ फुटेपर्यंत

मी एक जुनी मोटार आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग गडद निळा होता. फिनलंडमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने तो आता बराच विटला आहे. पण मित्रांनो, माझे दिवस चांगले गेले. इर्याबाईंनी मला घेतले तेव्हा तळ्याकाठच्या त्या वस्तीत गाड्या थोड्याच होत्या. मी बाळंतिणींना इस्पितळात पोचवले, पोत्यांनी बटाटे वाहिले, बर्फात रुतलेला टपालवाला ओढून काढला. त्या दिवशी त्याने माझे बोनेट थोपटले. ती थाप मला अजून आठवते.

आमच्याकडे हिवाळा कडक. पानगळ सुरू झाली की इर्याबाई माझ्या पुढच्या जाळीमागे, रेडिएटरसमोर, एक पुठ्ठा बसवत. गार वारा अडतो आणि इंजिन लवकर तापते. तिथे सगळेच असे करतात. इर्याबाईंच्या वडिलांचा नियम होता, तळ्यावरचा बर्फ फुटेपर्यंत पुठ्ठा काढायचा नाही. यंदा वसंत आला, रस्ते ओले झाले, पण तळ्यावरचा बर्फ काही फुटेना. पुठ्ठाही जागचा हलला नाही.

त्याच सुमारास माझे दुखणे सुरू झाले. इर्याबाई ॲक्सिलरेटर दाबत आणि मी ढिम्म. जरा वेळाने कुठे रखडत वेग धरायचे. एकदा हमरस्त्याला लागताना मागून लाकडांचा ट्रक आला आणि भोंगा वाजवत अगदी अंगाला घासून गेला. इर्याबाईंनी मला कडेला घेतले आणि कितीतरी वेळ स्टिअरिंगवरचे हात उचलले नाहीत.

गॅरेजवाल्या ओस्मोने प्लग बदलले, पेट्रोलची नळी तपासली, एअर फिल्टर उजेडात धरून पाहिला. मला जागेवरच उभी ठेवून त्याने इंजिन घुमवले.

"झकास बोलतेय की, मावशी. पाय जरा हलका पडत असेल तुमचा."

हे बोलणे इर्याबाईंच्या मुलीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शनिवारच्या बसने साइला आली.

"आई, माझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा झालाय. गाडी काढून टाकू. तिकडे सगळं पायी जवळ आहे."

"आणि तळं कुठे ठेवू?"

"अंघोळीला तिथे बाथरूम आहे, आई."

"बाथरूममध्ये वल्हवू?" इर्याबाईंनी किल्ली तिच्यापुढे सरकवली. "आधी तू चालव. तुझाही पाय म्हातारा झालाय का ते बघू."

साइलाने मला चढावर घेतले आणि जोरात पाय दाबला. मी पुन्हा ढिम्म. काय झाले आहे ते मला ठाऊक होते, पण सांगणार कसे? साइलाने पुन्हा एकदा पाय दाबून पाहिला.

"हा पायाचा दोष नाही," ती म्हणाली.

"उभी असताना मात्र काही होत नाही तिला."

साइला परिचारिका होती. "दमेकरी बसलेला असतो तेव्हा ठीकच वाटतो. जिना चढायला लागला की कळतं. श्वास पुरत नाहीये हिला."

"फिल्टर तर स्वच्छ आहे म्हणाला ओस्मो."

"मग फिल्टरच्या आधी बघू."

दोघींनी हवा आणणारी नळी फिल्टरच्या डब्यापासून सोडवली आणि मला पुन्हा त्याच चढावर नेले. या वेळी पाय दाबताच मी उसळले. म्हणजे दोष नळीत होता. तिच्या मागावर बोट फिरवत त्या जाळीपर्यंत आल्या. तिथे पुठ्ठा होता. वितळत्या बर्फाच्या पाण्याने त्याचे पापुद्रे सुटले होते आणि एक पापुद्रा जिभेसारखा नळीच्या तोंडाशी लोंबत होता. मी उभी असताना तो नुसता लोंबायचा. मी खोल श्वास ओढला की तोंडावर चिकटायचा. पुठ्ठा सगळ्यांच्याच गाड्यांत असतो, ओस्मोच्याही. म्हणून तो कोणाच्या नजरेला खुपला नाही.

साइला काढायला वाकली. इर्याबाईंनी तिचा हात धरला आणि तळ्याकडे पाहिले. बर्फ करडा पडला होता, पण फुटला नव्हता.

"नियम माझ्या बाबांचा आहे," त्या म्हणाल्या, "मीच मोडते." आणि त्यांनी पुठ्ठा ओढून काढला. नळी पुन्हा जोडली.

तोवर परतीची बस चुकली. साइलाला शहरात सोडायला आम्हीच निघालो. हमरस्ता लागला तसा इर्याबाईंनी पाय दाबला आणि मी क्षणही न दवडता धावले.

"आई, जरा हळू," साइला दाराची मूठ घट्ट धरून म्हणाली.

"ओस्मोला सांग ते."

फ्लॅटचे नाव वाटेत निघाले नाही. उतरताना साइला खिडकीशी वाकली. "तळं मोकळं झालं की मुलांना घेऊन येते. होडीला डांबर लावून ठेव."

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मागे पडू लागले, माणूस असो वा यंत्र, तर वयाला दोष देऊन मोकळे होऊ नका. एकदा त्याच्याबरोबर चढावर जा. कुठे काय अडले आहे ते तिथे दिसेल, आणि कदाचित ते हाताने काढण्याइतकेच असेल.