कप्तानाविना करार

कारंज्याच्या जिनिंगमधले कबड्डीचे गडी त्या संध्याकाळी मैदानात उतरलेच नाहीत. कापसाच्या गंजीला टेकून बसून राहिले. शेठनं त्यांना वर्षाच्या करारानं ठेवलेलं. दिवसा गाठी उचलायच्या, कलत्या उन्हात सराव करायचा, अन् जिंकलेली ढाल शेठच्या बैठकीत लागायची. शेषराव त्यांचा कप्तान, कामरगावचा.

अमरावतीच्या सामन्यात चढाई करताना त्यांच्यातल्या पुंजाजीचा गुडघा मोडला. बिचारा लंगडत कामावर आला, तर मॅनेजर हेमसिंगनं त्याला फाटकावरूनच त्याच्या गावी, धनजला परत धाडलं. करार संपला म्हणे! शेषरावच्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हाच.

"नव्या करारात लिवून द्या," तो हेमसिंगला म्हणाला. "खेळताना हातपाय मोडला त गड्याले बसून कराचं काम द्याचं. अन् पुंजाजीले वापस घ्याचं. तवरोक सराव बंद."

"अकोल्याचे सामने तोंडावर आले, अन् तुमी नखरे करून राह्यले?"

"ढाल पायजे, अन् ढाल आननारा लंगडा झाला का नको? लाज वाटते का काई?"

हेमसिंगनं गड्यांच्या जागी हमालांना मैदानात उतरवलं. ते एकमेकांवरच आदळत राहिले. शेठ वरच्या गच्चीतून बघत होता.

सामने आणखी जवळ आले तसं शेठनं सगळ्यांना बैठकीत बोलावलं अन् नवा करार पुढं ठेवला.

"सारं कबूल. पुंजाजीले फाटकावर बसवतो. पन हा शेषराव मले जिनिंगात नाई पायजे. आज सराव बंद पाडला, उद्या मशीन बंद पाडन."

 शेषरावनं जगदेवकडे पाहिलं. दोघं एका ताटात जेवलेले. जगदेव पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता.

"करा सह्या," शेवटी शेषरावच म्हणाला. "पुंजाजीच्या घरी चूल पेटली पायजे."

जगदेवनं पेन उचललं. मागून बाकीच्यांनीही.

एसटी स्टँडवर जगदेव धापा टाकत आला. "शेषराव, तूच त म्हनला ना, सह्या करा!"

"म्हनलो! पन एकालेही 'नाई' म्हनता आलं नाई? खोटंखोटं तरी?" शेषरावचा आवाज फाटला. "शेठचं सोड. तुमी काहून गप बसले रे?"

जगदेवनं त्याच्या पिशवीला हात घातला. शेषरावनं ती हिसकावली अन् गाडीत चढला. खिडकीतून त्यानं एकदाही बाहेर पाहिलं नाही.