गार सुपाचा उमेदवार

इटलीतल्या काझालबोर्गो गावच्या मैदानावर दर उन्हाळ्यात पक्षाची जत्रा भरायची आणि जत्रेचं स्वयंपाकघर निल्देच्या ताब्यात असायचं. पक्षाचं नाव मध्यंतरी कितीदा तरी बदललं. झेंड्यावरचा विळा गेला, झाड आलं, झाडही गेलं. तंबूतलं सूप मात्र तेच राहिलं. कोंबडी आणि हाडं पहाटेपासून मंद आचेवर रटरटत असायची, आणि त्यात सोडायला नखाएवढ्या पिठाच्या तोर्तेल्लिनी, आत मांसाचं सारण भरून गावातल्या बायकांनी करंगळीवर वळलेल्या. जुलैच्या उकाड्यात घामाच्या धारा पुशीत लोक ते सूप प्यायचे आणि वर म्हणायचे, "मागच्या वर्षीचं जास्त चांगलं होतं." असं दर वर्षी म्हणायचे.

त्या वर्षी रविवारच्या जेवणानंतर मैदानावरच महापौरपदाचा उमेदवार ठरायचा होता. नाव एकच होतं, लिबेरो झानासीचं. पण ते निल्देने सुचवायचं होतं. निल्दे उभी राहिली की गावाचे हात वर जायचे; ती बसून राहिली की लोक आपापल्या बुटांकडे बघत बसायचे. का, ते कुणी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिचं ऐकायचं, एवढंच.

लिबेरोला तिने पोरगेला असल्यापासून पाहिलं होतं. बाप साखर कारखान्यात बीटाच्या गाड्या रिकाम्या करायचा. पोराच्या हातात खळीची बादली आणि पोस्टरं असायची. जत्रेचा रिवाज असा, की ज्याला पक्षात काही व्हायचंय त्याने आधी एप्रन बांधून टेबलांवर वाढायचं. लिबेरोनेही एप्रन बांधला, आणि त्याच्याइतका बेकार वाढपी त्या तंबूने पुन्हा पाहिला नाही. दोन बशा घेऊन निघाला की तो गायबच व्हायचा. शोधायला गेलं तर कुठल्या तरी टेबलावर कोपर टेकून बसलेला. कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाच्या दारापुढचं गटार तुंबलंय, कुणाची सासू हॉस्पिटलला जायला बस नाही म्हणून रडतेय, हे सगळं ऐकत. बशा शेजारीच, वर चरबीची साय धरलेली.

"कॉम्रेड, सूप मागितलं होतं, आईस्क्रीम नाही!" लोक ओरडायचे.

पण पुढच्या आठवड्यात गटार साफ झालेलं असायचं. बस हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबायला लागायची. मग लोकांनी त्याला शाखेचा चिटणीस केला, पुढे महापौर केला. अंगणवाली बालवाडी त्यानेच बांधली. निल्देची दोन्ही मुलं तिथेच पडून झडून मोठी झाली. मग तो रोमला गेला. खासदार झाला, उपमंत्री झाला, टीव्हीवर दिसायला लागला. जत्रेला यायचा तो भाषणापुरता, आणि गाडी चालूच असायची. गेल्या निवडणुकीत पडला, तेव्हा आईच्या बंद घरात परत आला, दोन बॅगा आणि ढीगभर टाय घेऊन. पण टाय घालून जायचं कुठे?

म्हणून रविवारी दुपारी तो एप्रन मागायला आला, तेव्हा निल्देला भरून आलं. ते तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"पोट बघ तुझं. नाडी पुरेल का?"

"ओढून बांध. रोममध्ये खायला काही मिळत नव्हतं गं, नुसत्याच बैठका."

"हो ना, दिसतंयच."

तो बशा घेऊन निघाला आणि लगेच रिकाम्या हाताने परत आला. पुन्हा निघाला, पुन्हा परत. सूप सगळीकडे वाफाळतं पोचत होतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. निल्देचा नवरा प्रीमो शेगडीवर सॉसेज भाजत होता, तो चिमटा हलवत म्हणाला, "काही म्हण, रोमने याला कामाचा केला."

निल्देने चुलीवरच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तंबूच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

लिबेरो हसत होता. हात मिळवत होता, खांद्यावर थोपटत होता. आणि पाय भाजल्यासारखा पुढच्या टेबलाकडे पळत होता. कुणी तोंड उघडलं की हा "नक्की, नक्की!" म्हणून पसार. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पॉपलरच्या झाडाखालच्या टेबलाला तो लांबून वळसा घालत होता. तिथल्या बशा त्याने भांडी घासणाऱ्या जेस्सिकाच्या हाती दिल्या. त्या टेबलावर नुकतीच आजी झालेली व्हिल्मा बसली होती, पाठ ताठ, रुमाल गळ्याशी खोचलेला.

निल्देने त्याला बाहीला धरून भांड्यांच्या मोरीमागे नेलं.

"काय झालं? सांडलं का कुठे?"

"सांडलं असतं तर बरं झालं असतं. इतकं गरम सूप या मैदानावर आजवर कुणी खाल्लं नव्हतं."

"मग शाबासकी दे की!"

"व्हिल्माकडे का जात नाहीस?"

त्याने हातातला पंचा घडी केला, उलगडला, परत घडी केला. "तिला ठाऊक आहे, मी हात वर केला होता ते. संसदेतल्या त्या मतदानात. छोट्या हॉस्पिटलांतले प्रसूती वॉर्ड बंद झाले, आपलाही गेला. नाही म्हटलं असतं तर सरकार पडलं असतं, निल्दे."

"हे मला काय सांगतोस? तिला सांग."

"शिव्या देईल."

"देऊ दे. तुझ्या आईने तुला रोज दिल्या, म्हणून तर उपमंत्री झालास."

तो हसला, पण ओठांपुरतंच. "तिकडे आम्हाला शिकवायचे, कुणापाशी थांबायचं नाही. थांबलास की अडकलास."

"अडकायचंच असतं रे! त्यासाठीच तर एप्रन बांधतात." निल्देचा आवाज चढला. भांडी घासणाऱ्या मुली थबकल्या. "आता नीट ऐक. जेवणानंतर मी उभं राहावं असं वाटतंय ना तुला? मी गरम सूप वाढणाऱ्याचं नाव घेणार नाही. नुसता चपळ वाढपी हवा असता तर हॉटेलातून आणला असता."

लिबेरोने दोन भरलेल्या बशा उचलल्या आणि पॉपलरच्या दिशेने चालू लागला. निल्दे किसलेल्या चीजचा वाडगा घेऊन मागोमाग गेली. चीज कुणी मागितलं नव्हतं.

"या, मंत्रिमहोदय!" व्हिल्मा म्हणाली. "मला वाटलं माझ्या टेबलाला प्लेग झालाय."

"व्हिल्मा, मी..."

"माझी नात कुठे जन्मली माहीत आहे? पेट्रोलपंपावर! प्रसूती वॉर्ड आता पार शहरात. पुढे बीटाचा ट्रॅक्टर, मागे आम्ही, सून गाडीत किंचाळतेय आणि माझा मुलगा हॉर्न वाजवतोय. पंपवाल्याने टॉवेल दिले. घरात पोरीला सगळे 'पेट्रोल' म्हणतात."

लिबेरोच्या तोंडून हसू फुटलं आणि मध्येच अडकलं. हसावं की नाही, त्याला कळेना. व्हिल्मा स्वतःच खुदकन हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले.

"हसू नकोस मेल्या. फार घाबरले होते मी."

तो खुर्ची ओढून बसला. "मी हात वर केला होता, व्हिल्मा. चुकलो. सरकार वाचावं म्हणून केला."

"आणि वाचलं का? वसंत ऋतूत पडलंच की!"

"पडलं," लिबेरो म्हणाला. "सरकारही गेलं आणि वॉर्डही. वॉर्ड परत आणतो असं म्हणालो तर ते खोटं होईल. महापौराच्या हातात ते नसतं. तू सांग, त्या दिवशी काय असतं तर तुला भीती वाटली नसती?"

व्हिल्माने रुमाल गळ्यातून काढला. सुईण बरोबर असलेली एक रुग्णवाहिका गावातच उभी हवी, ती म्हणाली. अग्निशमन दलाची जुनी शेड रिकामीच आहे. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा म्हणाला, शेडचं छप्पर गळतं. कुणी तरी म्हणालं, छप्पर आम्ही घालू. खुर्च्या ओढल्या जाऊ लागल्या. बशा लिबेरोच्या कोपराशी तशाच राहिल्या.

निल्दे स्वयंपाकघरात परतली. थोड्या वेळाने मांडवातून आरडाओरडा सुरू झाला. "सूप! अरे, आम्ही काय उपास धरलाय?"

"वाढपी पळाला तुझा," प्रीमो म्हणाला.

जेस्सिका एक बशी घेऊन आली. "काकू, पॉपलरखालून परत आलीय. गार झालंय, गरम करून मागतायत."

निल्देने सुपाला बोट लावलं. वर पातळशी साय धरली होती. जुन्या दिवसांत धरायची तशीच. तिने ती बशी ओट्यावर ठेवली, एप्रन सोडला, हात धुतले.

"अगं, अजून कलिंगड वाढायचंय!" प्रीमो ओरडला.

"तू वाढ."

ती माईकपाशी गेली. "मंडळी, सूप गार आल्याबद्दल माफ करा. यापुढे असंच येईल. मी लिबेरो झानासीचं नाव सुचवते."

हात वर गेले. सॉसेज टोचलेले काटे धरलेले हात, पोरांना कडेवर घेतलेले हात. लिबेरोची पाठ व्यासपीठाकडे होती. तो वाकून छपराच्या पत्र्यांबद्दल ऐकत होता.

"मागे बघ, शहाण्या," व्हिल्मा म्हणाली. तिचाही हात वर होता.

त्याने वळून पाहिलं. सगळे हात बघून त्याचाही हात आपोआप वर जायला लागला. व्हिल्माने तो मनगटाला धरून खाली ओढला.

"तू नको करूस वर. मागच्या वेळी केलास तेव्हा काय झालं, आठवतंय ना?"

सगळं टेबल हसलं. लिबेरो सगळ्यांत जास्त हसला, डोळे पुसून पुसून. मग त्याने कोपराशी राहिलेली दुसरी बशी पुढे ओढली आणि ते गार सूप तळापर्यंत संपवलं.

"कसं आहे?" निल्देने तिथूनच, माईकवरून विचारलं.

"मागच्या वर्षीचं जास्त चांगलं होतं!" तो ओरडला.