डावीकडं ओढणारी स्कूटर

महिपती जाधवने स्कूटरसाठी नाव नोंदवलं तेव्हा त्याची थोरली पोरगी रांगत होती, आणि स्कूटर दारात आली तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेला निघाली होती. मधली सगळी वर्षं तो खरेदी-विक्री संघाच्या ऑफिसात सायकलवरून गेला. कुणी विचारलं की "नंबर लागायचाय" एवढंच सांगायचा. हे वाक्य घरात इतक्यांदा बोललं गेलं की शेजारची सुंदरम्मासुद्धा भेटली की आधी नंबराची चौकशी करायची आणि मग पोरांची.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पाऊसपाणी रुळावर आलं, आणि एक दिवस सोमलिंग शेठच्या दुकानातून निरोप आला. गाडी फिकट निळी होती. महिपतीच्या बायकोने, गोजरबाईने, तिला ओवाळलं, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. सुंदरम्माने हँडलला शेवंतीची माळ घातली. मग गोजरबाई नवऱ्याच्या मागे बसली. तेव्हा सोलापुरातल्या बायका बसायच्या तशीच बसली. दोन्ही पाय डावीकडे, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पदराचं टोक. गल्ली बघत होती. स्कूटर निघाली, डावीकडे झुकत गेली, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीला घासून थांबली.

"नवी हाय," महिपती म्हणाला. "हात बसायचाय."

हात काही बसला नाही. महिपती एकटा असला की गाडी थोडी कुरकुरायची, पण ऐकायची. मागे गोजरबाई बसली की डावीकडे ओढायला लागायची. तळ्याच्या पाळीवर फिरायला गेले तर गाडीला पाण्याकडे जायचं असायचं, स्टेशनकडे गेले तर गटाराकडे. महिपती हँडल उजवीकडे दाबून धरायचा. घरी आला की खांदा चोळून घ्यायचा. खांदा चोळायचं काम अर्थातच गोजरबाईकडे होतं.

शेवटी दोघं नवी पेठेत सोमलिंग शेठच्या दुकानात गेली. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, समोर चहाचा ट्रे, असे हे शेठ. त्या दिवसांत स्कूटर विकणाऱ्याला गोड बोलायची काही गरज नव्हती. माल दिला हेच उपकार. तरी शेठ गोड बोलायचे, आणि तिथेच माणूस फसायचा. त्यांनी आपल्या मेकॅनिकला, मकदूमला, महिपतीच्या मागे बसवलं आणि एक चक्कर मारायला सांगितलं. मकदूमच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं, नुसती हाडं. त्यात तो दोन्हीकडे पाय टाकून बसला. गाडी जवळजवळ सरळ गेली.

"बघा," शेठ म्हणाले. "महिपतराव, राग मानू नका. गाडीत दोष नाही. वैनी अंगाने जरा भरलेल्या, त्यात एका बाजूला पाय सोडून बसतात. सगळा भार डावीकडं. गाडीने तरी काय करायचं?"

गोजरबाई तिथेच उभी होती, हातात कपबशी घेऊन. तिने नवऱ्याकडे पाहिलं. महिपतीने विचार केला, आणि मान हलवली. होकारार्थी.

दुकानदार बोलणार, त्याचं तिला फारसं लागलं नाही. दुकानदाराला माल परत घ्यायचा नसतो, मग तो गिऱ्हाइकाच्या बायकोवर ढकलेल, नाहीतर त्याच्या नशिबावर ढकलेल. पण ती हललेली मान तिच्या काळजात रुतली. दहा-अकरा वर्षांच्या संसारात या माणसाने तिला कधी उणा शब्द ऐकवला नव्हता, आणि आता एका परक्या माणसाच्या दुकानात, परक्याचा चहा पिऊन, ती एवढी जड आहे की नवी गाडी वाकडी चालते हे त्याने कबूल करून टाकलं होतं.

गोष्ट गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. ती कशी पोचली देव जाणे. गोजरबाई पाण्याला निघाली की पोरं हँडल धरल्यासारखे हात करून डावीकडे कलंडत पळायची. सुंदरम्माने मायेने सांगितलं, "रात्रीला भात सोडून बघ गं." गोजरबाई भात सोडणारी नव्हती. तिने स्कूटर सोडली. बाजारहाट पायी, लांब असलं तर रिक्षाने. तळ्यावर महिपती स्कूटरवरून एकटा जायचा, आणि थोड्या वेळाने एकटाच परत यायचा, कारण तळ्यावर एकट्याने करायचं तरी काय.

महिपती अगदीच गप्प बसला होता असं नाही. त्याने कंपनीला पत्र घातलं. उत्तर आलं की कृपया आपल्या विक्रेत्यास भेटावे. विक्रेता म्हणाला की कंपनीला लिहा. गॅरंटी सहा महिन्यांची होती आणि पाचवा सरत आला होता.

"मला एकदाच सांगा," एका संध्याकाळी भाकरी थापता थापता गोजरबाईने विचारलं. "गाडी वाकडी हाय, का मी?"

"तसं न्हाय गं," महिपती म्हणाला. "गाडीत कायतरी असंलच. पण शेठ म्हणतो त्यात बी…"

"व्हय, त्यात बी काय?"

महिपतीने ताटातल्या चटणीकडे बघितलं. चटणीने त्याला काही सुचवलं नाही. तव्यावरची भाकरी त्या दिवशी जरा जास्तच भाजली गेली.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याबरोबर पुन्हा दुकानात गेली. तो स्कूटरवर, ती रिक्षात. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. शेठनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि हसत म्हणाले, "अक्का, किती वेळा सांगू? दोष बसण्यात आहे. सरळ बसलं की गाडी सरळ. मी म्हणतो, तुम्ही गड्यामाणसासारख्या दोन्हीकडं पाय टाकून बसा. तरी गाडी डावीकडं गेली तर ही ठेवून घेतो, दुसरी देतो. या चार लोकांसमोर बोलतो."

चार लोक हसले. शेठना खात्री होती. त्यांच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक स्कूटरवर मागे बसलेली बाई त्यांनी पाहिली होती, आणि सगळ्या गोल साडीतल्या होत्या. गोल साडी नेसून दोन्हीकडे पाय टाकता येत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. साडी दुसऱ्या तऱ्हेनेही नेसतात हे ते विसरले होते. खुद्द त्यांच्या दुकानासमोरून रोज कासोटा घातलेल्या कितीतरी बायका भाजीच्या पाट्या घेऊन जायच्या. पण त्या स्कूटर घेणाऱ्यांपैकी नव्हत्या, म्हणून त्यांच्याकडे शेठनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"शब्द फिरवणार न्हाय न्हवं?" गोजरबाईने विचारलं.

शेठनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "नाही."

घरी येऊन तिने ट्रंक उघडली. तळाला हिरवं इरकली लुगडं होतं, अकलूजच्या आईने दिलेलं, नऊ वारांचं. लग्न होऊन सोलापूरला आली तेव्हा महिपती म्हणाला होता, शहरात पाचवारी बरी दिसते. तिनेही हौसेने पाचवारी धरली होती. आता तिने दार लावून लुगडं नेसलं, कासोटा घट्ट खोचला आणि खोलीत चार पावलं टाकून बघितलं. पाय मोकळे झाले. अकलूजला वडलांची घोडी होती. उसाच्या बांधाने त्या घोडीवर बसून ती पोरवयात गावभर हिंडली होती, आणि तेव्हा तिच्या वजनाची तक्रार घोडीनेही केली नव्हती.

"आज काय सण हाय?" महिपतीने विचारलं.

"न्हाय. गाडी बघाया जायचंय."

नवरे अशा वेळी काही समजत नाहीत. तोही समजला नाही. ती रिक्षाने, तो स्कूटरवरून, असे ते नवी पेठेत पोचले. बाजाराची वेळ. कापडदुकानांत गर्दी, रस्त्यावर हातगाड्या. महिपतीने गाडी शेठच्या दुकानासमोर स्टँडवर लावली आणि मागे वळून बघतो तर गोजरबाईने पदर कमरेला खोचला होता. तिने फूटबोर्डवर पाय ठेवला, दुसरा पाय पलीकडे टाकला आणि मागच्या सीटवर बसली. ताठ, दोन्हीकडे पाय सोडून, घोडीवर बसायची तशी.

नवी पेठ थांबली, असं म्हटलं तर खोटं होईल. पण हातगाडीवाला थांबला, त्याच्या मागची रिक्षा थांबली, आणि समोरच्या दुकानात कापड मोजणाऱ्या माणसाचा गज हवेत राहिला. सोमलिंग शेठ गादीवरून उठून पायरीवर आले.

"बसले बगा सरळ," गोजरबाई म्हणाली. "आता चालवा."

शेठ क्षणभर गांगरले, पण व्यापारी माणूस. "महिपतराव चालवणार? वा. हँडल त्यांच्या हातात. मुद्दाम डावीकडं घेतील."

"बरं. मकदूमभाई चालवू द्या."

मकदूम दोन पावलं मागे सरकला. "नक्को भाभी. मेरे घर में मुमताज है, उसके कान पे गया तो मेरी खैर नै."

"मग तुमीच चालवा की शेठ. तुमचं तर हात सरळ हाइत. मी मागं बसते, पेठेच्या टोकापातूर जाऊन येऊ."

शेठनी पेठेच्या टोकाकडे पाहिलं. वाटेत त्यांच्या व्याह्याचं दुकान होतं, पुढे मेहुण्याचं, त्यापुढे मठाच्या स्वामींची बैठक. या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, विभूती लावून, मागे जाधवांची बायको दोन्हीकडे पाय टाकून बसलेली. त्यांच्या कपाळावरची विभूती ओली झाली.

"अक्का, उतरा खाली," ते हळूच म्हणाले. "बदलून देतो गाडी. पंधरा दिवसांत. झालं समाधान?"

महिपतीचा चेहरा फुलला. "झालं की. उतर गं, उतर. मिळाली गाडी."

गोजरबाई उतरली नाही.

"गाडी मिळाली," ती म्हणाली. तिचा आवाज आता शेठसाठी नव्हता. "लाजंखातर मिळाली. उद्या लोक म्हणत्याल, बाई रस्त्यात तमाशा कराया बसली म्हणून शेठनं दिली. वाकडं कोण, ते तसंच राहिलं. गाडी नको मला. मला ते बगायचंय. तुमी बसा पुढं."

महिपतीला आधी लोक दिसले. ओळखीचे निदान सहा चेहरे होते, त्यांत त्याच्या ऑफिसातला एक. मग त्याला बायको दिसली. तिचा चेहरा रागाचा नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसले असते तर सगळ्यांना दिसले असते. पाच महिने ती आपल्याशी काय बोलत होती ते महिपतीला तिथे, भर पेठेत, कळलं. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. लोकांची वाटायची ती त्यात कुठल्या कुठे गेली.

तो पुढे बसला. किक मारली. गर्दी आपोआप बाजूला झाली. थोडं पुढे गेल्यावर, रस्ता मोकळा दिसला तसे त्याने हँडलवरचे हात सैल केले, नुसते टेकवून ठेवले. गाडीने डावीकडे तोंड वळवलं आणि एका बांगडीवाल्याच्या हातगाडीकडे निघाली. त्याने सावरली. पुन्हा सैल सोडली. पुन्हा डावीकडे. मागे गोजरबाई हलली नव्हती, त्याच्या खांद्यालासुद्धा हात लावला नव्हता. व्याह्याच्या दुकानावरून गेले, मेहुण्याच्या दुकानावरून गेले, आणि वळून परत आले.

दुकानासमोर त्याने गाडी थांबवली. महिपतीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"शेठ, गाडी वाकडी हाय. माझी बायको सरळ हाय. हे मला पयल्याच दिवशी तुमच्या तोंडावर सांगाया पायजे होतं. तवा मी मान हलवली. चुकलं माझं."

तेव्हा गोजरबाई उतरली. पदर सोडला, डोळे पुसले आणि रिक्षा बोलवायला निघाली. महिपतीने तिला रिक्षा बोलवू दिली नाही. दोघं गाडी दुकानात ठेवून चालत घरी गेली.

शेठनी शब्द पाळला. नवी गाडी हिरवी आली. ओवाळणं, नारळ, लिंबू, सगळं पुन्हा झालं. संध्याकाळी गोजरबाई पाचवारीतच, दोन्ही पाय डावीकडे सोडून, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसली. गिरणीची पायरी सुखरूप मागे पडली. तळ्याच्या रस्त्याला लागले. वारा होता, पाण्यावर ऊन उतरलं होतं, आणि गाडी कशी मऊ चालली होती.

आणि मग, अगदी किंचित, जेमतेम कळेल इतकी, ती डावीकडे झुकायला लागली.

गोजरबाईला ते कळलं. महिपतीलाही कळलं, कारण त्याचा उजवा खांदा तिच्या हाताखाली हळूच ताठ झाला. ती श्वास धरून बसली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"कुटं काय," महिपती म्हणाला. "हितं रस्ताच डावीकडं उतरता हाय. मुन्शिपाल्टीनं नीट केला न्हाय."

तळ्याच्या पाळीवरचा तो रस्ता पोळपाटासारखा सपाट होता. गोजरबाईला ते माहीत होतं, महिपतीला माहीत होतं. खांद्यावरचा हात तिने काढला आणि नवऱ्याच्या कमरेभोवती टाकला, भर रस्त्यात, चार लोकांसमोर.