नावं ठेवणाऱ्यानं पळी धरावी

बाळीवेशीतल्या त्या लहानशा मठात दर सोमवारी दासोह असतो. येईल त्याला पोटभर जेवण. कोण, कुठला, विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. नियम म्हणाल तर एकच, आणि तो कुठं लिहिलेला नाही. जेवणाला नावं ठेवली, तर पुढच्या सोमवारी त्याच माणसानं चुलीपाशी उभं राहून पळी धरायची. एकदा कुणी साहेब सांबार पाणचट झालंय म्हणाले होते. पुढच्या सोमवारी धुरानं डोळे चोळत ते त्या मोठ्या पातेल्यापुढं असे उभे राहिले, की त्यानंतर त्यांना मठातलं सांबार कायम आवडत आलं.

हेमावतीला हा नियम तोंडपाठ. साहेबांच्या हातात पळी देणारी तीच होती.

हेमावती म्हणजे अख्ख्या गल्लीची हेमाक्का. शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकणारी, पन्नाशी ओलांडलेली, आवाज असा की मठात बोलली तर रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघेल. शाळा सातवीत सुटली. फोन मात्र स्वतःचा स्वतः शिकली. कुणाला विचारायला लाज वाटायची म्हणून दार लावून शिकली, आणि शिकल्यावर ज्ञान पोटात राहीना म्हणून गल्लीला शिकवायला लागली.

तिचं आवडतं खातं म्हणजे फुकटातली, उघडी ॲप. ओपन सोर्स हा शब्द ती झोकात उच्चारायची आणि बायांना समजेल असा सोडवून सांगायची. “बघा, मी चटणी विकते, पण कृती सांगत न्हाई. ही माणसं चटणी फुकट वाटतात आणि वर कृती डब्यावर चिकटवून देतात. तुमाला तिखट पाहिजे, तिखट करून घ्या.”

“मग तू का न्हाई चिकटवत तुझी कृती?” नीलव्वा विचारायची. नीलव्वा मठातल्या स्वयंपाकाची मुख्य, आणि हेमाक्काच्या तोडीस तोड तोंडाची एकटीच.

“माझं पोट चटणीवर हाय, नीलव्वा. त्यांचं कशावर हाय कुणास ठाऊक.”

त्यांचं पोट कशावर आहे, हा प्रश्न तिनं तिथंच सोडून दिला होता. फुकट मिळणाऱ्या गोष्टीमागं कुणाचा तरी हात असतो, हे दासोहात वाढलेल्या बाईला कळायला हवं होतं. पण ते पुढचं.

तर, बायांच्या फोनमध्ये तिनं व्हीएलसी घालून दिलं. तिच्या नवऱ्यानं जपून ठेवलेली जुनी भजनं कुठल्याच ॲपात वाजत नव्हती, ती त्यात वाजली. ऑरगॅनिक मॅप्स घातलं. करकंबला लेकीकडं जाताना वाटेत रेंज गेली तरी नकाशा गेला नव्हता, ही कथा तिनं इतक्यांदा सांगितली की बाया पुढचं वाक्य आधी म्हणायच्या. एफ-ड्रॉइड दाखवलं, “ॲपचं दुकान हाय, पण गल्ल्यावर कुणी बसलेलंच न्हाई.” आणि सगळ्यांत लाडकं होतं ‘हाक’.

‘हाक’ कुणीतरी आपल्याकडच्याच माणसानं केलेलं, साधंसं ॲप. काम आणि वेळ सांगून ठेवायची, वेळ झाली की फोन हाक मारतो. घंटा नाही, भोंगा नाही. एका बाईचा आवाज, जरा लांबवलेला, हेल काढून, “अवो, वेळ झाली कीऽ!” पहाटे पीठ मळायची हाक, भाकऱ्या उलटायची हाक, नवऱ्याच्या बीपीच्या गोळीची हाक.

“ही बाई कोण गं?” तिचा नवरा बसवराज रोज म्हणायचा. “तुझ्यापेक्षा गोड बोलती.”

“मग तिच्याच हातची भाकरी खावा,” हेमाक्का म्हणायची.

एक दिवस हाक आलीच नाही. मंद आचेवर शेंगदाणे भाजायला ठेवून हेमाक्का बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत बसली, हाकेच्या भरवशावर. आत आली तेव्हा कढईतून धूर निघत होता. एवढे दाणे कोळसा झालेले पाहून तिच्या डोक्यात जाळ झाला. तिनं तिथंच, काळ्या बोटांनी, ॲपच्या पानावर जाऊन एक तारा दिला आणि खाली लिहिलं:

“फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण हे फुकट आणि विषारी. बनवणाऱ्याला घरात कुणी काम सांगत नसणार. रिकामटेकडा! एक दिवस स्वयंपाकघर सांभाळून बघ म्हणावं, मग दुसऱ्याला हाका मार.”

दोन दिवसांनी खाली उत्तर आलं. “माफ करा. काय बिघडलंय ते शोधते आहे. तुमचं नुकसान झालं, वाईट वाटलं.” हेमाक्कानं ते उत्तर धड वाचलंही नाही. तिचं लक्ष होतं तिच्या लिहिण्याला किती जणांनी अंगठा दाखवला यावर. बरेच होते. जन्मात पहिल्यांदा तिचं लिहिलेलं अनोळखी लोकांनी वाखाणलं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी मठात लसूण सोलायला बसलेल्या बायांना तिनं ते वाचून दाखवलं. साभिनय. “रिकामटेकडा!”ला हात असा झटकला की लसणाची सालं उडाली. बाया हसून हसून लोळल्या. नीलव्वाला ठसका लागला. कोपऱ्यात नीलव्वाची सून सिद्धेश्वरी कडक भाकऱ्या मोडत बसली होती, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. सिद्धेश्वरी पुण्यातली नोकरी सोडून लग्नानंतर इकडं आलेली. इतकी कमी बोलायची की बाया तिला अबोली म्हणायच्या.

जेवण तयार झालं. पंगतीला हाक मारायचं काम नीलव्वाचं, पण ठसक्यानं तिचा आवाज बसलेला. ती खुणेनं सुनेला म्हणाली, तू मार.

सिद्धेश्वरी दारात गेली, उंबऱ्यावर उभी राहिली आणि अंगणाकडं तोंड करून हाक दिली.

“अवो, वेळ झाली कीऽ!”

हेमाक्काच्या हातात हुग्गीचं पातेलं होतं. गव्हाची ती खीर गरम होती, पातेलं जड होतं, आणि तिनं ते होतं तिथंच खाली टेकवलं. हाच आवाज. रोज पहाटे उशाशी येणारा. हाच हेल, ‘की’ असाच लांबवलेला. आजूबाजूला कुणाच्याच ध्यानात आलं नाही. बायांच्या फोनमध्ये हेमाक्कानं घातलेलं ‘हाक’ बहुतेकींनी उघडलंच नव्हतं.

सिद्धेश्वरी वळली. दोघींची नजर भेटली, आणि हेमाक्काला ओळख पटलीय हे तिला कळलं. ती जवळ आली नि हळूच म्हणाली, “हेमाक्का, हुग्गीत वेलदोडा घालायचा राहिला का?”

एवढंच. हेमाक्काला वाटलं, त्यापेक्षा पोरीनं कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ती पंगतीत बसलीच नाही. पोट दुखतंय म्हणून घरी आली. बसवराज म्हणाला, “काय झालं? तोंड का करपल्यासारखं?” ती फोन घेऊन माजघरात बसली आणि पहिल्यांदाच, रागाशिवाय, शोधायला लागली की त्या दिवशी हाक का आली नाही. फार शोधावं लागलं नाही. बॅटरी लवकर उतरते म्हणून तिनं स्वतःच बॅटरी वाचवायचं बटण चालू केलं होतं, आणि त्या बटणानं ‘हाक’ला झोपवून ठेवलं होतं. वर गल्लीतल्या बायांना तिनंच सांगितलं होतं, बटण चालू ठेवा गं, मी ठेवलंय.

मग ती ॲपच्या पानावर गेली. तिच्या लिहिण्याला आणखी अंगठे आले होते. आणि वर, ठळक अक्षरांत, नवीन ओळ होती: “‘हाक’चं काम मी थांबवत आहे. घरच्या व्यापात वेळ पुरत नाही. ज्यांना हवं त्यांनी मूळ कृती घेऊन पुढं चालवावी.”

घरच्या व्यापात. हेमाक्काला नीलव्वाचं घर डोळ्यांपुढं आलं. सासू, सासरे, दीर, आल्यागेल्याचा चहा, दिवसभर “सिद्धू, हे दे, सिद्धू, ते दे.” आणि तिनं लिहिलं होतं, घरात कुणी काम सांगत नसणार.

आपलं लिहिणं पुसून टाकावं म्हणून तिनं बोट नेलं. पण बायांनी ऐकलं होतं, सिद्धेश्वरीनं ऐकलं होतं, हसूनसुद्धा दाखवलं होतं. पुसून कुणाचं तोंड पुसलं जाणार? तिचं फक्त. तिनं बोट मागं घेतलं.

पुढचा सोमवार येऊ नये असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. आला. मठाच्या मागच्या नळावर सिद्धेश्वरी एकटी तांदूळ धूत होती. हेमाक्का तिच्यापाशी गेली. “सिद्धू, ते ‘हाक’...”

“कसली हाक?” सिद्धेश्वरी तांदळातून नजर न काढता म्हणाली. “आत सासूबाई हाक मारतायत वाटतं तुमाला.”

वाट मोकळी करून दिली होती पोरीनं. हेमाक्का त्या वाटेनं निघालीसुद्धा. खोटं कशाला, तिला हायसंच वाटलं.

आत मात्र बाया वाटच बघत होत्या. “हेमाक्का, ते गेल्या वेळचं वाच की परत! माझी जाऊ आलीय होटगीहून, तिला ऐकव. ते रिकामटेकडा, कसं गं ते?” कुणीतरी हात झटकून दाखवलाही. होटगीची जाऊ आधीच हसायच्या बेतात होती. आणि सिद्धेश्वरी धुतलेले तांदूळ घेऊन नेमकी दारात.

नीलव्वाला सुनेचा हा उद्योग माहीत नव्हता, हे नळावरच्या त्या ‘कसली हाक?’वरून हेमाक्काला समजलं होतं. नाव घेतलं तर दुसरा गुन्हा झाला. नाव न घेता बोलायचं, तर सगळं स्वतःच्याच पदरात.

“वाचणार न्हाई,” ती म्हणाली. आवाज नेहमीचा निघाला नाही. “ते ॲप बरोबर होतं. बटण मी दाबलं होतं. दाणे माझ्या अकलेनं करपले. आणि ज्या कुणी ते केलंय, त्याचं मी वर्षभर फुकट खाल्लं, आणि एक दिवस जेवायला मिळालं न्हाई तर ताटात थुंकले.”

मग बाया हसल्या, आणि ते हसणं गेल्या सोमवारचं नव्हतं.

“अगं बया! बटण हिचंच!”

“आन आमाला शिकवायला बसती!”

“माझ्या फोनातबी तेच बटण चालू करून दिलंय की गं हिनं!”

हेमाक्का उभी राहून ऐकत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. नीलव्वानं पळी उचलली आणि तिच्यापुढं धरली. “नियम ठाऊक हाय न्हवं? धर.”

सगळ्यांत न हसणारी एकटी सिद्धेश्वरी होती.

सांबार ढवळताना धूर डोळ्यांत जात होता, आणि हेमाक्काला तो सोयीचा वाटला. थोड्या वेळानं सिद्धेश्वरी लाकडं सारायला तिच्याजवळ वाकली.

“नाव का न्हाई घेतलं माझं?”

“घ्यायला पाहिजे होतं?”

“नको होतं.” लाकूड आत सरकलं. “विषारी म्हणालात, त्याचं काही वाटलं न्हाई हो. पण ते स्वयंपाकघराचं. मी ते वाचलं तवा एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातानं पोळी फुगवत होते. पोळी करपली.”

हेमाक्कानं पातेल्याच्या तळापासून पळी फिरवली. म्हणाली, “पुसून टाकू ते?”

“नको. इतक्या लोकांनी वाचलंय. खाली लिवा, आत्ता जे बोललात ते.”

“आणि ‘हाक’? परत चालू करशील?”

सिद्धेश्वरीनं खांदे उडवले. “बघू. सवड मिळाली तर. बटणाचं मला आधीच कळायला पाहिजे होतं. ॲप उघडल्या उघडल्या सांगायला पाहिजे, बाई, आधी ते बटण बंद कर म्हणून.” ती पहिल्यांदाच जरा मोकळं बोलत होती. “तुमच्यासारख्या अजून असतील की.”

“लई असतील,” हेमाक्का म्हणाली.

भात उतरला. पातेली ओळीनं लागली. नीलव्वानं गेल्या सोमवारसारखं सुनेला हाकेसाठी खुणावलं, पण सिद्धेश्वरीनं हेमाक्काच्या हातातली पळी काढून घेतली आणि तिला दाराकडं वळवलं. “आज तुमी मारा.”

हेमाक्का उंबऱ्यावर उभी राहिली. अंगणात माणसं बसलेली, कुणी म्हातारं, कुणी लेकरू घेऊन, सगळी फुकट जेवणारी, तिच्यासारखीच. तिनं तोंड उघडलं. रिक्षावाल्याला वळवणारा तो आवाज आज अंगणापर्यंतही पोचेना.

“वेळ... झाली की,” ती म्हणाली.

“काय म्हणतीय ती बाई?” मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला. “ऐकू येत न्हाई! जरा मोठ्यानं बोल की!”

तिनं पदरानं नाक पुसलं आणि परत तोंड उघडलं.