कापसाची खोली

पंजाबराव माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या पिंपळगावात लेकीवर एवढा जीव टाकणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. पण शहाणा माणूस हट्टाला पेटला की त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही, आणि मला त्यांचा राग येतो तो एवढ्याचसाठी.

माझ्या शेजारीच त्यांचं घर. त्यात रस्त्याकडची स्लॅबची खोली सगळ्यात कोरडी. वेचणी झाली की कापूस तिच्यात भरायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. माणसं ओसरीत नाही तर स्वयंपाकघरात अंग टाकतात, कापूस मात्र पक्क्या खोलीत झोपतो. संक्रांतीच्या मागेपुढे तो विकला जायचा आणि खोली मोकळी व्हायची. गेल्या वर्षी मात्र कंपनीवाले आले.

कंपनी नवी, नाव भारदस्त. तिचा माणूस प्रसेनजित, कडक इस्त्रीचा शर्ट आणि मधाळ बोलणं. मंदिराच्या सभामंडपात पडदा लावून त्याने अमेरिकेतली दुकानं दाखवली आणि तिथे टांगलेले शर्ट आपल्याच कापसाचे आहेत असं ठोकून दिलं.

"पावसाळ्यात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर जाणार," तो म्हणाला. "आमची गाडी तुमच्या दारातून माल उचलेल. तोवर फक्त विकू नका."

मग सगळ्यांना टोप्या आणि चिवडा मिळाला. चिवडा चांगला होता, खोटं कशाला बोलू. तीन-चार वर्षांपूर्वी भाव खरंच तिथवर गेला होता आणि पंजाबरावांनी नेमका त्याच्या आधी माल विकून टाकला होता. ती सल अजून गेली नव्हती. या वेळी त्यांनी खोलीला कुलूप घातलं.

आषाढात त्यांची काजल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही नव्याने सांगायला नको. तिची आई झुंबरबाई यांनी त्याच खोलीत बाज टाकायचं मनाशी धरलं होतं. खोलीत तर छतापर्यंत कापूस.

"अहो, आता तरी विका," त्या म्हणाल्या. "पोरीले कुठं झोपवू मी?"

"थोडं थांब. भाव चढणार हाय. कंपनीवाला रोज मोबाईलवर सांगून राह्यला."

"तो सांगते. बाळंतपण त्याच्या घरी हाय का?"

काजल ओसरीत साडीचा आडोसा करून झोपू लागली. दमट हवेत जुन्या कापसाला बारीक किडे होतात आणि ते भिंत ओलांडून अंगावर येतात. तिच्या हातांवर, पोटावर लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी कापसापासून लांब राहायला सांगितलं. पंजाबरावांनी खामगावहून मलम आणलं, मच्छरदाणी आणली, नवा पंखा आणला. कापूस तेवढा हलवला नाही.

"मले काही तरास नाही, बाबा," असं काजल म्हणायची आणि पदराखाली हात खाजवायची.

श्रावणात अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर जाहीर केला. शर्ट शिवणाऱ्यांच्या ऑर्डरी थांबल्या. गिरण्यांना कापूस स्वस्त पडावा म्हणून आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचा कर काढून टाकला. झालं, भाव घसरला. खामगावच्या दुकानातला शर्ट मात्र होता त्याच किमतीत राहिला, मी स्वतः विचारून आलो. प्रसेनजितचा फोन बंद लागू लागला.

निदान तेव्हा तरी त्यांनी विकायला हवं होतं. मी तसं म्हणालोही.

"इतके दिवस थांबलो," ते म्हणाले. "आता पडत्या भावात कसा देऊ? लोक हसतीन ना बे मले."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काजलच्या सासूबाई मनकर्णाबाई नांदुऱ्याहून सुनेला पाहायला आल्या. बाई शांत. चहा प्याल्या, सुनेचा हात हातात घेतला, बाही जरा वर सारली आणि चट्टे नीट पाहिले.

"इवाई, राग नका मानू," त्या आपल्या व्याह्यांना म्हणाल्या. "आमच्या घरी खोली हाय. पोरीले घेऊन जाऊ द्या."

बाळंतपणाला आलेली लेक तशीच सासरी परत जाणं यापरता कमीपणा बापाला नाही. मी तिथेच बसलो होतो. झुंबरबाई दारात उभ्या होत्या. सगळ्यांच्या नजरा पंजाबरावांवर. 'आज खोली रिकामी करतो', एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. त्यांनी कुलपाकडे पाहिलं.

"आठ दिवस द्या मले," ते म्हणाले.

काजल उठली आणि स्वतःची पिशवी भरू लागली. रडली नाही. रडली असती तर कदाचित त्यांनी कुलूप काढलं असतं, असं मला अजून वाटतं.

गणपतीतल्या महालक्ष्म्या उठल्या आणि नांदुऱ्याला तिला मुलगी झाली. त्याच आठवड्यात पंजाबरावांनी गावातल्या व्यापाऱ्याला बोलावलं आणि तो म्हणेल त्या भावात कापूस देऊन टाकला. पिवळा पडला होता, वजनही घटलं होतं. त्यांनी खोली धुऊन काढली, चुना मारला, स्लॅबच्या कडीला पाळणा बांधला. मग त्यांच्या मोबाईलला रेंज नव्हती म्हणून माझ्याच फोनवरून, स्पीकर लावून, लेकीला फोन लावला.

"खोली मोकळी झाली, बाई. आता ये."

"बारसं इथंच ठरलं, बाबा," काजल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "तुमी अन् आई या ना. मुक्कामानं या. झोपाले जागा हाय आमच्याकडं."

"हो, येतो," पंजाबराव म्हणाले. फोन माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.